नव्या गुडघ्याने कार्ल्याच्या पायऱ्या

आमच्या वस्तीतल्या महिला मंडळाची सहल दरवर्षी कार्ल्याला जाते. आई त्यात पहिल्यापासून असायची. मागची तीन वर्षे मात्र ती कमानीपर्यंत येऊन बायांना निरोप द्यायची आणि भिंतीला धरत घरी परतायची. उजवा गुडघा पार झिजला होता. शेवटी मे महिन्यात ऑपरेशन केले. २०१७ साली सरकारने कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर मर्यादा घातली, म्हणून निदान विचार तरी करता आला. तरीही पतपेढीचे कर्ज काढावेच लागले.

ऑपरेशन म्हणजे अर्धेच काम, हे आम्हांला नंतर कळले. दुसऱ्याच दिवशी वॉकर देऊन आईला उभे केले. घरी रोजचा व्यायाम सुरू झाला. पाय सरळ ताणून धरायचा, घोटा खालीवर हलवायचा, टाच गादीवरून मागे ओढत गुडघा वाकवायचा. दुखते म्हणून आई टाळू लागली. तेव्हा व्यायाम शिकवणाऱ्या ताई म्हणाल्या, "आजी, गुडघा नीट वाकला नाही तर पायऱ्या कशा चढाल?" त्या दिवसापासून आईला सांगावे लागले नाही.

दुःख वेगळेच होते. डॉक्टरांनी मांडी घालणे, उकिडवे बसणे बंद केले होते. चालू लागल्यावरही आई विहारात जाईना. म्हणायची, "सगळ्या बाया खाली बसणार आणि मी भन्तेंसमोर खुर्चीवर? बरं दिसतं का ते?"

डॉक्टरांची परवानगी घेऊन जानेवारीतल्या एका रविवारी आम्ही दोघेच निघालो. लोकल देहूरोडला थांबली, तेव्हा आईने खिडकीतूनच हात जोडले. २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी इथल्या विहारात बुद्धमूर्ती बसवली. लोणावळ्याला उतरून रिक्षा केली. ती डोंगराच्या मध्यापर्यंत जाते. पुढच्या पायऱ्या मात्र कुणाला चुकत नाहीत.

एकवीरेच्या भाविकांची गर्दी होती. आईने एका हाताने कठडा धरला, दुसऱ्या हातात काठी. चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा पाय आधी, हा ताईंचा नियम ती पुटपुटत होती. वीस पायऱ्या झाल्या की थांबायचे, पाणी प्यायचे. निम्म्या वाटेवर तिला घाम फुटला. मी म्हटले, "आई, इथूनच हात जोडू." ती म्हणाली, "तू जोड. मी वर जाते."

कार्ल्याचे चैत्यगृह सुमारे १२४ फूट लांब आणि ४५ फूट रुंद आहे. वर लाकडाच्या कमानी आहेत, दोन हजार वर्षांच्या. ते कुणा एका राजाने कोरवले नाही. व्यापारी, भिक्खू, उपासक, कारागीर यांनी कुणी खांब दिला, कुणी दुसरे काही, आणि दगडावर नावे कोरली. धेनुकाकट गावच्या सामी नावाच्या सुताराने दार घडवल्याचा लेख तिथे आहे. हे मी वाचून ठेवले होते, ते आईला सांगितले. माझे वडील कारखान्यात सुतार होते. ती त्या दाराकडे बराच वेळ बघत राहिली.

स्तूपासमोर तिला वाकता येईना. मी पिशवीतून घडीचे स्टूल काढले. ती त्यावर बसली, हात जोडले आणि सावकाश त्रिसरण-पंचशील म्हटले. उठताना म्हणाली, "येत्या रविवारी विहारात माझी खुर्ची टाक रे."

रात्री गुडघा थोडा सुजला. बर्फाने शेकला, एक दिवस विश्रांती घेतली, उतरला.

वाचकांना एवढेच सांगणे की, ऑपरेशनवर पैसा घालता तसा व्यायामावर वेळ घाला, आणि डॉक्टरांना विचारूनच पुढचे पाऊल टाका. दुसरे सांगणे विहार समित्यांना. आपल्या विहारात चार खुर्च्या आणि पायरीला एक कठडा असू द्या. ज्या आयांनी पदरमोड करून विहार उभे केले, त्यांना गुडघ्यापायी दाराबाहेर राहावे लागू नये.

जयभीम!