बेस, टॉप आणि आबांची हलगी

शुक्रवारी संध्याकाळी हिंजवडीतून सुटका झाली की वीकएंडला जायचं कुठं, हा तुमच्या-माझ्यासारख्यांचा सनातन प्रॉब्लेम. लोणावळा झालं, मुळशी झालं, अलिबाग तर तोंडपाठ. या वेळी मी ऑफिसात जाहीर केलं, ‘‘मी बीडला चाललोय. म्युझिकसाठी.’’ पाच सेकंद शांतता. मग एकानं विचारलं, ‘‘बीडला? तिथं काय वाजतं?’’

काय नाही वाजत, राव!

अंबाजोगाईजवळचं एक गाव हे माझं आजोळ. तिथला माझा मामेभाऊ गाणी बनवतो. म्हणजे मिरवणुकीत डीजेच्या गाडीवर जी वाजतात ना, काचा थरथरवणारी, ती. आणि मी? आमच्या सोसायटीच्या ‘डीजे बंद करा’ अर्जावर गेल्या गणपतीत सही करणारा माणूस. दोघांचं रक्त एकच, काय करणार!

दसरा नुकताच झाला होता. अहिल्यानगर ते बीड रेल्वे सप्टेंबर २०२५ मध्ये एकदाची सुरू झाली, पण मी आपला सवयीनं एसटीत बसलो. बीडच्या पुढं मांजरसुंबा, नेकनूर, केज करत गाडी अंबाजोगाईकडं निघते. बालाघाटाचे बुटके डोंगर, रस्त्याच्या कडेला सीताफळांचे ढीग. आणि समोरून ट्रॅक्टर. एक, दोन, दहा... दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले. त्यात पोती, चुली, कोंबड्या, लेकरं. दसरा-दिवाळीच्या सुमाराला बीड जिल्ह्यातली लाखो माणसं ऊस तोडायला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, ती उन्हाळ्याच्या तोंडाला परततात. हे आपण पेपरात वाचलेलं असतं. पेपरात जे येत नाही ते म्हणजे ट्रॅक्टरवरचा आवाज! ड्रायव्हरच्या डोक्यावर हे मोठे स्पीकर, आणि त्यातून हलगीच्या ठेक्यावर धडधडणारा बेस.

‘‘तेच्यातलं अर्धं माझंय,’’ मामेभाऊ स्टँडवर न्यायला आला तेव्हा म्हणाला. ‘‘पण लोकाला कुठं माहितंय!’’

त्याचा ‘स्टुडिओ’ म्हणजे माळवदाच्या घरातली आतली खोली. एक कॉम्प्युटर, एक हेडफोन, आणि कोपऱ्यात गोधड्यांची चळत. गोधड्या झोपायला नाहीत. आवाज घुमू नये म्हणून त्यांच्यामध्ये तोंड खुपसून तो स्वतःचं नाव रेकॉर्ड करतो. गाण्यात मध्येच येतं ना, जाड आवाजात, ‘डीजे अमुकतमुक बीडकर’? ते. चोरीला आळा म्हणून. अर्थात चोरणारे त्याच्यावर स्वतःचं नाव चिकटवतात, तो भाग वेगळा.

सुरुवात झाली २००९ च्या सुमाराला, तालुक्याच्या मोबाइल शॉपीत. तेव्हा आठवतंय का, मेमरी कार्ड भरून मिळायचं? हा तिथं कार्डं भरायला होता. दिवसभर एकच काम: गिऱ्हाईक काय मागतं ते ऐकायचं. ‘‘म्युझिक कालेज म्हण की,’’ तो म्हणतो. लोक गाणं नावानं मागायचेच नाहीत. ‘‘दणका असलेलं द्या,’’ ‘‘सुरुवातीचं रडगाणं काढून द्या.’’ म्हणून त्यानं आधी गाण्यांची डोकी छाटायला सुरुवात केली. मग दणका घालायला.

हत्यार होतं एफएल स्टुडिओ. बेल्जियमच्या इमेज-लाइन कंपनीचं हे सॉफ्टवेअर १९९० च्या दशकाच्या शेवटी ‘फ्रूटीलूप्स’ नावानं निघालं आणि २००३ मध्ये त्याचं बारसं पुन्हा झालं. जगभरात घरातल्या खोलीत बसून गाणी करणाऱ्या पोरांचं हे लाडकं. ठोक्यांचे चौकोन पेटवत जायचं, बस्स. माझ्या भावाकडं होतं त्याचं डेमो व्हर्जन. त्याची गंमत अशी, की तयार गाणं बाहेर काढता येतं, पण अर्धवट ठेवलेलं काम बंद केलं की पुन्हा उघडता येत नाही. आता त्या वर्षांतलं मराठवाड्याचं लोडशेडिंग आठवा! गाणं सुरू केलं की लाइट जायच्या आत संपवायचं, नाहीतर सगळं पाण्यात. ‘‘म्हणून माझी गाणी साधी हैत दादा,’’ तो म्हणाला. ‘‘चार आवाज, आन् ठेका. पाचवा आवाज टाकायलो की लाइट जायची.’’

आपण ज्याला ‘मिनिमल’ म्हणतो ना, त्याचं हे बीड व्हर्जन.

हसू नका. या संगीताचा अख्खा इतिहास असाच अडचणीतून घडलाय. रोलंड कंपनीनं १९८१ च्या सुमाराला टीबी-३०३ नावाची डबी काढली. बेस गिटार वाजवणारा नसेल तर त्याच्या जागी लावा, म्हणून. ती काही गिटारसारखी वाजेना, कंपनीनं ती बंद केली. मग शिकागोच्या पोरांनी ती स्वस्तात उचलली, बटणं वाट्टेल तशी पिळली, आणि १९८७ मध्ये फ्यूचर या ग्रुपच्या रेकॉर्डनं ‘ॲसिड हाउस’चा धुमाकूळ सुरू केला. पण त्याच्याही आधी, १९८२ मध्ये, मुंबईत चरणजित सिंग नावाच्या हिंदी सिनेमातल्या वादकानं तीच डबी आणि रोलंडचंच ड्रम मशीन घेऊन डिस्को ठेक्यावर दहा राग वाजवले होते. रेकॉर्ड निघाली, कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. २०१० मध्ये ती परदेशात पुन्हा निघाली तेव्हा भल्याभल्यांनी तोंडात बोटं घातली. सिंग २०१५ मध्ये गेले. भावाला मी हे सांगितलं, तर तो एवढंच म्हणाला, ‘‘पैशे मिळाले का त्यांना?’’

प्रश्न लक्षात ठेवा. पुन्हा येणार आहे.

संध्याकाळी त्यानं मला साउंड दाखवायला नेलं. इथं सगळे ‘डॉल्बी’ म्हणतात. यातला विनोद असा, की रे डॉल्बी या माणसानं १९६५ मध्ये कंपनी काढली ती टेपवरची खरखर कमी करायला! त्याआधी, १९६३ ते १९६५, तो युनेस्कोचा सल्लागार म्हणून भारतातच होता. आवाज कमी करणाऱ्याचं नाव आपण कशाला दिलंय, हे त्याला कळलं असतं तर...

गाडीवर खाली १८ इंची बेसचे डबे, वर चिरकणारे टॉप. भावानं हेडफोनमध्ये आधी ऐकवलेलं गाणं इथं लावलं आणि मला कळलं की तेच गाणं मी पुण्यात फ्लॅटच्या खिडकीतून कधी ऐकलंच नव्हतं. मी फक्त भिंत ऐकली होती. समोर उभं राहिलं की त्यात जागा दिसते. अगदी खालचा आवाज हे डबे फेकूच शकत नाहीत, तो नुसता वाया जातो. म्हणून तो ६० ते ८० हर्ट्झच्या पट्ट्यातच सगळा जीव ओततो. मधला भाग रिकामा ठेवतो, कारण तिथं गर्दीचा आरडाओरडा असतो. ठेका नाचणाऱ्यांसाठी नाही, चालणाऱ्यांसाठी. ‘‘वरात पुढं बी सरकली पाहिजे ना!’’ २०१६ मध्ये सनबर्न गोव्यातून पुण्यात आला तेव्हा मी हजारो रुपये मोजून गेलो होतो. तिथं हे कुणी समजावलं नव्हतं.

माझी सही तरीही चुकीची नव्हती, हं. नियम २००० सालचे आहेत: वस्तीत दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. दहानंतर बंद. २०१८ च्या विसर्जनाला मुंबई हायकोर्टानं डीजे-डॉल्बीला परवानगी दिली नाही, तेव्हा या पोराच्या सगळ्या सुपाऱ्या गेल्या होत्या. आणि कान? ८५ डेसिबल आठ तास चालतात असं धरतात, पुढं दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते. १०० डेसिबलला फक्त पंधरा मिनिटं. भाऊ रात्र-रात्र गाडीपाशी उभा असतो. त्याच्या डाव्या कानात सतत शिट्टी वाजते. हे मला त्यानं नाही, मामीनं सांगितलं, भाकरी थापता थापता. ‘‘हाक मारली तर उजवीकडून मारावी लागती बघ.’’

दुसऱ्या दिवशी सकाळी योगेश्वरीचं दर्शन, मग मुकुंदराजांच्या समाधीकडं चक्कर. दरी, झाडी, शांतता. अंबाजोगाई आपल्या ‘टू-डू लिस्ट’मध्ये का नाही, हे मला खरंच कळत नाही. दासोपंतांची पासोडी तर बघाच. कागदाऐवजी साधारण ४० फूट लांब कापडावर लिहिलेला ग्रंथ आहे तो!

पण मला भेटायचं होतं आबांना.

आबा गावातले हलगीवाले. वय सत्तरीच्या पुढं. २०१३ मध्ये भावानं त्यांची हलगी मोबाइलवर रेकॉर्ड केली, लिंबाच्या झाडाखाली. हलगीचा कडाका एवढा, की मोबाइलचा माइक फाटला. म्हणजे आवाज फाटला. ते फाटणंच लोकांना चढलं! पुढं त्यानं चांगला माइक आणून स्वच्छ आवाज घेतला, तर गाडीवाले म्हणाले, पहिलीच टाक. त्या एका तुकड्यावर त्यानं किती गाणी केली, त्यालाच मोजदाद नाही. इतरांनी त्याच्या गाण्यातून कापून नेला. आज कुठल्या ट्रॅक्टरवर तो वाजत नाही?

आबांच्या पोरानं हलगी हातात घेतली नाही, तो चाकणला कंपनीत आहे. आबांनाही त्याचं वाईट वाटत नाही. ‘‘आमच्या बापाला विचारून नव्हते वाजवायला लावत, पाव्हणं,’’ ते म्हणाले. ‘‘गावकीचं काम हुतं. मेलं कुणी, वाजव. दवंडी हाय, वाजव. पुढं लग्नाच्या सुपाऱ्या आल्या, पैसा दिसला. मंग डीजे आला.’’

भाऊ शेजारी बसून जमिनीवर काडीनं रेघा ओढत होता. आदल्या रात्रीच त्यानं माझ्याजवळ गळा काढला होता: यूट्यूबवर लाखांनी ऐकतात, पण मूळ गाण्याची कंपनी हक्क सांगते आणि पैसे तिकडं जातात. मेहनत माझी, मलिदा त्यांना!

‘‘परवा रस्त्यानं चाललो हुतो,’’ आबा सांगत होते. ‘‘टॅक्टर गेला. म्हणलं, ही तर आपली थाप. डाव्या हाताची काडी अशी मी एकटाच मारतो ह्या भागात. उभा राहिलो. टॅक्टर लांब जाईस्तोवर ऐकली.’’ मग भावाकडं वळून, अगदी शांतपणे: ‘‘बाळा, हात माझाच हाय ना त्यो? मग माझी सुपारी कुठंय?’’

कुणी काही बोललं नाही. २०१३ मध्ये भावानं त्यांना किती दिले होते, मी विचारलं. पाचशे. आणि चहा.

परतीच्या गाडीला तीन तास होते. भाऊ उठून घरी गेला. मला वाटलं, रागावला. वीस मिनिटांनी आला तो माइक, वायरी आणि एक गोधडी घेऊन. २०२४ मध्ये ‘तांबडी चामडी’ नेदरलँड्सच्या स्पिनिन रेकॉर्ड्सवर आलं, तेव्हापासून त्याच्या डोक्यात घोळतंय: कुणाचंही मूळ गाणं न घेता, नुसती हलगी आणि बेस. क्लेम करायला कंपनीच नाही. ‘‘आबा, नवीन करू. तुमचं नाव घालतो, गाण्याच्या आधी, माझ्या आवाजात. आन् जे येईल त्यात अर्धं.’’

आबांनी पाचटाचा जाळ केला आणि हलगी शेकायला घेतली. बोटानं टिचकी मारून बघितली, पुन्हा शेकली. गोधडी फांदीवर टांगून झाली, माइक लागला, भावानं हेडफोन चढवला. डाव्या कानावरची वाटी त्यानं मागं सरकवली होती.

‘‘हां आबा, होऊ द्या.’’

आबांनी हलगी मांडीवर आडवी ठेवली आणि हात पुढं केला. ‘‘आधी इसार.’’

भावानं खिसा चाचपला, मग माझ्याकडं बघितलं. माझ्या पाकिटात परतीच्या तिकिटाचे सोडून अकराशे रुपये होते.