दादाभाईंचे बंडखोर

२९ जून
पावसाने जोर धरला. कोळगावात जिल्हा कार्यालयांच्या पलीकडे खाचरांत आवणी सुरू झाली आहे. उद्या दादाभाई नौरोजींची पुण्यतिथी, म्हणून काँग्रेसमधले सहकारी दिनशा वाच्छांबरोबरच्या त्यांच्या पत्रांचा १९७७ सालचा खंड काढला. संपादक पटवर्धन. दादाभाईंचे उरलेले दप्तर दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहे, सुमारे तीस हजार कागद. इतके जपून ठेवणारा माणूस मुळात गणिताचा प्राध्यापक होता, हे विसरून चालत नाही.

३० जून
ब्रिटनचा कॉन्झर्व्हेटिव्ह पंतप्रधान लॉर्ड सॉल्सबरी याने १८८८ च्या नोव्हेंबरात एडिंबरोला त्यांना ‘काळा माणूस’ म्हटले, ते सगळ्यांना ठाऊक असते. त्या शेऱ्याने दादाभाईंचे नावच घरोघरी पोचले. खरा ताप होता तो घरातला. लंडनमधल्या सेंट्रल फिन्सबरीच्या लिबरल मंडळींनी त्यांना ब्रिटिश संसदेसाठी उमेदवार निवडले, पण हरलेल्या रिचर्ड ईव्हच्या गटाने तो निकाल मानला नाही. ईव्ह गेला तर फोर्ड नावाचा दुसरा लिबरल पुढे आला आणि निवडणूक तोंडावर येईपर्यंत हटला नाही. म्हणजे चार वर्षे गेली ती विरोधी पक्षाशी लढण्याआधी स्वतःच्या पक्षातल्या नाराजांची समजूत काढण्यात. आपल्याकडे एबी फॉर्मसाठी चालते तेच, फक्त टपालाने.

३ जुलै
नाक्यावर बाबूकाकांना सांगितले. ग्रामपंचायतीच्या चार निवडणुका पाहिलेला माणूस. १८९२, मतदान सहा हजारांच्या आत, दादाभाई तीन मतांनी पुढे.
“मग पडलेल्याने फेरमोजणी मागितली असेल.”
“झाली. तिनाची पाच झाली.”
काका चहा सांडेपर्यंत हसले.

८ जुलै
१८९५ ची हार. मॅसी-मेनवेरिंगने आठशेच्या वर मतांनी पाडले. भारताचा कैवार घेतल्याची ही शिक्षा, असे लिहिणे सोपे आहे. मला ते पटत नाही. त्या साली लिबरल पक्षच देशभर आपटला. रंगही पुरेसे कारण नव्हे, कारण लंडनच्याच बेथनल ग्रीनमधून मंचेरजी भावनगरी हे दुसरे पारशी निवडून आले, तेही सॉल्सबरीच्याच पक्षाकडून. एवढे मात्र खरे की मतदारसंघातल्या क्लार्कनवेलच्या घड्याळजीला सनदी परीक्षा भारतातही व्हाव्यात या दादाभाईंच्या मागणीत स्वतःसाठी काही दिसत नव्हते. १८९३ मध्ये तसा ठराव कॉमन्समध्ये संमत झाला, सरकारने तो अमलात आणला नाही. मतदाराला दाखवायला दादाभाईंच्या हाती काय उरले?

९ जुलै
“परत उभे राहिले का?” काकांनी आज विचारले.
राहिले. १९०६ साली, ऐंशी वर्षांचे असताना, नॉर्थ लँबेथमधून. पक्षाचा अधिकृत उमेदवार वेगळा होता आणि या वेळी बंडखोर होते दादाभाई. तिसरे आले.
काका म्हणाले, “वय पाहून तरी कुणी बसवायला हवं होतं.” मग थोड्या वेळाने, “पण बसले नसते.”