नाव ठेवताना

आमच्याकडे दर रविवारी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’चा डाव रंगायचा, तेव्हा एक जण नुसता बघायला येऊन बसायचा. फासे कधी हातात घेतले नाहीत. पण मागच्या डावात कोण कुठे अडकलं होतं, हे खेळणाऱ्यांपेक्षा त्यालाच पक्कं ठाऊक. मी डीएम, म्हणजे गोष्ट रचून डाव चालवणारा. कौतुकाच्या भरात एका सराईच्या मालकाला त्याचं नाव जसंच्या तसं दिलं. तासाभरात खेळाडूंनी मालकाला भेसळखोर ठरवलं आणि सराई पेटवून दिली. सगळे हसले. तोही हसला, पण जरा उशिरा.

नाव ठेवणं आणि नावं ठेवणं यांत एका अनुस्वाराचंच अंतर!

मग जुनी पुस्तकं पुन्हा उघडली. खेळाच्या दोन जनकांपैकी एक गॅरी गायगॅक्स. त्यांच्या १९७८च्या ‘प्लेअर्स हँडबुक’मध्ये टेन्सर या जादूगाराच्या नावाचा, तरंगत्या तबकडीचा मंत्र आहे. अर्नेस्ट या त्यांच्या मुलाचं हे पात्र; त्याच्याच नावातली इंग्रजी अक्षरं फिरवली की टेन्सर होतं. ड्रॉमिज हा दुसरा जादूगार म्हणजे मित्र जिम वॉर्ड, इंग्रजीत उलटा वाचलेला. नाव मोडलं, पण त्याला काम दिलं. तबकडी ओझं वाहते, म्हणून अर्नेस्ट कोण हे माहीत नसलेलेही टेन्सरला हाक मारतात. २००० साली आलेल्या खुल्या नियमावलीत ही नावं गळाली, तबकडी नुसती तबकडी उरली. आमच्या टेबलावर मात्र ती अजून टेन्सरचीच.

आता मी आधी विचारतो, मग नाव उलटवतो. देवनागरीत मात्रा आणि अनुस्वार आपापल्या अक्षराला धरूनच फिरतात, त्यामुळे उलटं नावही तोंडात बसतं. मकरंदचा दरंकम झाला, की भात्यापाशी बसलेला बुटका लोहार दिसायलाच लागतो. राजा कुणालाच करत नाही. राजे दुसऱ्या-तिसऱ्या डावात मरतात. तलवारीला धार लावणाऱ्याकडे मात्र खेळाडू परत परत येतात.

त्या पहिल्या प्रेक्षकालाही विचारलं, काय होशील? म्हणाला, “सराई पुन्हा बांध. या वेळी दारू चांगली ठेव.”

पाटीवर आता त्याचं नाव उलटं आहे. प्रत्येक मोहिमेआधी मंडळी तिथेच उतरतात. त्यांची उधारी चालते, अशी ती एकच सराई.