तुळशीबागेतील खातरजमा

पुण्याचे सरसुभेदार नारो आप्पाजी खिरे यांनी 1761 साली ज्या राममंदिराची उभारणी आरंभिली, त्याच्या आसमंतात आज बांगड्यांपासून भातुकलीपर्यंत यच्चयावत जिन्नस विकले जातात, आणि दिवाळीच्या तोंडावर त्या बोळांतून सहकुटुंब मार्गक्रमण करणे हा गृहस्थाश्रमाचा एक अपरिहार्य विधीच होऊन बसला आहे. काल आम्ही तो यथासांग पार पाडला. उटणे, रांगोळीचे रंग, मुलांच्या हट्टाचा आकाशकंदील, इतके झाल्यावर सौभाग्यवतींच्या ध्यानात आले, की पैशांची पिशवी हातात नाही.

ती पणत्या विकणाऱ्या बाईंच्या मांडीखाली सुरक्षित होती; परंतु ती आमच्या स्वाधीन करण्यापूर्वी त्यांनी जी उलटतपासणी आरंभिली, ती एखाद्या फौजदारालाही शोभली असती. “आत काय काय हाय, ते आधी बोला!” नोटा सांगून झाल्या, मोड सांगून झाली, शेवटी ‘एक हळकुंड आणि देवघराची किल्ली’ असे उत्तर आले, तेव्हा कोठे खातरजमा झाली.

सापडलेली वस्तू सोपविलेल्या ठेवीप्रमाणे जपावी, असे 1872 च्या करार कायद्याचे 71 वे कलम सांगते, आणि धन्याचा शोध घेण्याच्या श्रमांचा मोबदला मिळेपर्यंत ती अडवून धरण्याची मुभा 168 वे कलम देते. (आमचे वकील शेजारी हे फार रंगवून सांगतात.) बाईंनी पहिले कलम न वाचताच पाळले, दुसऱ्याचा लाभ मात्र साफ नाकारला, म्हणजे मी पुढे केलेली नोट परत केली. मग आम्ही आणखी डझनभर पणत्या घेतल्या. त्यांच्या भावात बाईंनी एक पैसाही सोडला नाही, आणि ते योग्यच होते.