चाकू हिसकावायचा नाही, मनू

चि. मनूस,


रविवारच्या शिबिरात ‘हल्लेखोराचा चाकू हिसकावण्याचे डाव’ शिकवणार आहेत, जाऊ का, असं तू विचारलंस. खाली हळूच आणखी एक प्रश्न जोडलास, की पर्समध्ये छोटा चाकू ठेवला तर चालेल का. उत्तरं फोनवरही देता आली असती. पण तू पुण्यात एकटी राहतेस, रात्री उशिरा अभ्यासिकेतून खोलीवर जातेस, आणि तुझ्या मावशीची सगळी नोकरी सरकारी दवाखान्याच्या कॅज्युअल्टीत झाली. भोसकलेली माणसं आधी आमच्या हातात यायची आणि मग डॉक्टरांच्या. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

शिबिराला जरूर जा. धावण्याचा दम वाढव, लाज सोडून ओरडायला शीक, कुणी केस धरले किंवा खाली पाडलं तर सुटायचं कसं, तेही शीक. चाकू हिसकावण्याचे डाव मात्र तिथेच सोडून ये. शिबिरात समोरचा रबरी चाकू घेऊन उभा असतो, हात लांब करून एकच वार करतो आणि तू मनगट पिळेपर्यंत थांबतो. खरा हल्लेखोर हत्यार दाखवतच नाही. ते शर्टाखाली किंवा पिशवीत असतं. तो बोलायला म्हणून जवळ येतो, एका हातानं कॉलर किंवा केस धरतो आणि दुसऱ्या हातानं भराभर वार करत सुटतो. मोजून काही सेकंदांचा खेळ. कितीतरी पेशंट सांगायचे, “सिस्टर, बुक्का बसला असं वाटलं. शर्ट ओला लागला तेव्हा कळलं.”

ज्यांनी पातं हातानं धरलं, त्यांचे तळवे आणि बोटं मी पाहिली आहेत. कातडीला टाके पडतात, पण आतले स्नायुबंध तुटले की बोटं पुन्हा नीट मिटतील याची खात्री नसते. शवविच्छेदन करणारे डॉक्टर तळहातावरच्या आणि कोपराखालच्या जखमांवरून सांगतात, की या माणसानं प्रतिकार केला होता. म्हणजे प्रतिकार करूनही तो त्या टेबलावर आला होता. हे तुला घाबरवायला सांगत नाही. रिकाम्या हातानं पात्याशी झुंजण्याची किंमत काय असते, ते माहीत असावं म्हणून सांगते.

अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीत डेनिस ट्यूलर नावाचे एक पोलिस सार्जंट होते. त्यांनी घड्याळ लावून पाहिलं, की चाकू घेतलेला माणूस २१ फूट अंतर किती वेळात कापतो. उत्तर आलं सुमारे दीड सेकंद. १९८३ साली त्यांनी हे लिहिलं, ते बंदूकधारी पोलिसांसाठी. कमरेची बंदूक काढून नेम धरेपर्यंत तो माणूस अंगावर आलेला असतो, हे त्यांना दाखवायचं होतं. २१ फूट म्हणजे जेमतेम साडेसहा मीटर. बंदूक असलेल्या पोलिसाची ही गत, तर पर्सच्या तळाशी, किल्ल्या आणि कंगव्याखाली ठेवलेला तुझा चाकू कधी बाहेर येणार? भीतीनं बोटं लाकडासारखी होतात, साधी चेन उघडत नाही. आणि निघालाच, तर तो आधी त्याच्या हातात जाण्याची शक्यता जास्त.

कायद्याचंही ऐक. नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची हत्यारं शस्त्र कायद्याखाली येतात. घरकामाच्या आणि शेतीच्या अवजारांना त्यातून सूट आहे. पण पोलिस आयुक्तांचा मनाई आदेश लागू असेल, तर महाराष्ट्र पोलिस कायद्याच्या कलम ३७(१) आणि १३५ खाली साधी सुरी बाळगणंही अंगाशी येतं. तेव्हा चाकू नकोच. पेपर स्प्रे ठेव. तो कायदेशीर आहे. मात्र वाऱ्याची दिशा बघून मारायचा, आणि मारला की परिणाम बघत उभं न राहता पळायचं.

पळणं हाच पहिला डाव आहे, आणि त्यात कमीपणा काही नाही. उजेडाकडे, माणसांकडे, उघड्या दुकानाकडे पळ. पळायला जागा नसेल तर मध्ये काहीतरी आण: उभी गाडी, टेबल, खुर्ची. सॅक पाठीवरून काढून छातीपुढे धर. स्कूटरचं हेल्मेट हातात असेल तर तेही ढालच आहे. त्याला फक्त मोबाइल किंवा साखळी हवी असेल, तर ती एका बाजूला फेक आणि दुसऱ्या बाजूला सूट. वस्तूसाठी एक टाकाही घालून घेऊ नकोस. अगदीच कोपऱ्यात सापडलीस, तर हनुवटी खाली घालून गळा झाक आणि हात पुढे घेताना मनगटाची आतली बाजू स्वतःकडे ठेव, कारण मोठ्या शिरा आणि धमन्या तिकडे असतात. हत्यार धरलेला त्याचा हात दोन्ही हातांनी मनगटाशी पकडून त्याला भिंतीकडे रेट, जिवाच्या आकांतानं ओरड, आणि फट मिळाली की पळ. या शेवटच्या डावाचीही खात्री कुणी देऊ शकत नाही. दुसरा मार्गच उरला नाही, तरच तो.

अशा वेळी तुझ्या हातून समोरच्याला इजा झाली तर? भारतीय न्याय संहितेची ३४ ते ४४ ही कलमं स्वसंरक्षणाची आहेत. मृत्यूची किंवा गंभीर दुखापतीची वाजवी भीती असेल, तर हल्लेखोराचा जीव जाण्यापर्यंत हा हक्क पोचतो. दुसऱ्याला वाचवतानाही तो लागू होतो. मर्यादा एवढीच, की बचावाला लागेल त्याहून जास्त इजा करायची नाही. तो पडला, पळाला, हत्यार सुटलं, की तुझा हक्कही तिथेच थांबतो.

आता माझ्या कामाचं. बारीक चणीच्या तुझ्यासारख्या मुलीच्या अंगात साधारण साडेतीन लिटर रक्त असतं. त्यातला तिसरा हिस्सा गेला की जीव धोक्यात येतो, आणि मांडीची मोठी धमनी कापली गेली तर काही मिनिटांतच सगळं आटोपतं. ॲम्ब्युलन्स यायच्या आधीची ही मिनिटं जवळ उभ्या असलेल्या माणसाच्या हातात असतात. ओढणी, रुमाल, टीशर्ट, जे सापडेल ते जखमेवर ठेवायचं आणि दोन्ही हातांनी, अंगाचा भार टाकून दाबायचं. थांबलं का म्हणून सारखं उचलून बघायचं नाही. पहिलं कापड भिजलं तर त्यावर दुसरं. काखेत किंवा जांघेत खोल जखम असेल तर कापड आत कोंबून दाबायचं. हातापायातून चिळकांडी उडत असेल आणि दाबून थांबत नसेल, तर जखमेच्या वर चार बोटं, सांधा सोडून, दोन बोटं रुंद पट्टी आवळायची, काठी किंवा जाड पेन अडकवून पिळायची आणि वेळ लिहून ठेवायची. पेशंट कळवळेल, तरी दवाखान्यापर्यंत ती सैल करायची नाही. दोरी किंवा वायर वापरू नये, ती मांसात रुतते.

छातीत वार असेल तर आत काही कोंबायचं नाही. माणसाला टेकवून बसवायचं. पोटातून आतडं बाहेर आलं असेल तर ते आत ढकलायचं नाही, स्वच्छ ओलं कापड झाकायचं. पाणी पाजायचं नाही, कितीही मागितलं तरी. आणि चाकू रुतलेला असेल तर उपसायचा नाही. सिनेमात नायक उपसून फेकतो, पण ते पातंच कधी कधी फाटलेली रक्तवाहिनी बुजवून बसलेलं असतं. जानेवारी २०२५ मध्ये वांद्र्याच्या घरात सैफ अली खानवर हल्ला झाला, तेव्हा चाकूचा सुमारे अडीच इंचांचा तुकडा त्याच्या मणक्याजवळ अडकला होता. तो लीलावतीच्या शस्त्रक्रियागृहात, डॉक्टरांनी काढला. त्या रात्री सैफ दवाखान्यात पोचला तो रिक्षानं, हेही लक्षात ठेव. ११२ आणि १०८ ला फोन कर, पण ॲम्ब्युलन्सला उशीर होणार असेल तर दारातली रिक्षा खरी.

पोलिस आल्याशिवाय हात लावत नाही, असं कुठल्या दवाखान्यानं म्हटलं तर ऐकून घेऊ नकोस. परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं १९८९ सालीच सांगितलंय, की आधी उपचार, कागद नंतर. जखमीचे कपडे मात्र धुऊ नका. ते पुरावा असतात, आणि आपली माणसं मायेनं नेमके तेच आधी भिजत घालतात.

तू राहतेस त्या सदाशिव पेठेतली २७ जून २०२३ ची सकाळ तुझ्या रूममेट्स अजून सांगत असतील. ओळखीच्या मुलानं भर रस्त्यात एका मुलीवर कोयता उगारला. ती पळाली, तो मागे लागला. तुझ्यासारखाच स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारा एक मुलगा मध्ये पडला आणि त्यानं कोयत्याचा हात अडवला. मग आणखी पोरं धावली. मुलगी जखमी झाली, पण वाचली. जानेवारी २०२५ मध्ये येरवड्याला एका कंपनीच्या वाहनतळावर सहकाऱ्यानं तरुणीवर वार केले. भोवती माणसं होती. त्यानं हत्यार टाकल्यावरच ती माणसं पुढे झाली. मुलगी गेली. एकट्यानं कोयत्यापुढे उडी घे, असं मी कुणालाच सांगणार नाही. पण दहा जणांनी मिळून आरडाओरडा केला, लांबून हेल्मेटं, खुर्च्या, विटा भिरकावल्या, तरी वार करणाऱ्याचं लक्ष विचलित होतं आणि मधल्या सेकंदांत माणूस निसटतो. तू बघ्यांमध्ये असशील, तेव्हा हे आठव.

या दोन्ही घटनांत हल्लेखोर ओळखीचा होता. तुला शिबिराबद्दल लिहायला बसले, पण खरं सांगायचं होतं ते हे. तुझ्या मनातला हल्लेखोर अंधाऱ्या गल्लीतला अनोळखी माणूस असणार. आमच्याकडे वार होऊन आलेल्या बायकामुलींच्या केसपेपरवर मात्र नवरा, दीर, शेजारी, किंवा ‘एकतर्फी प्रेमातून’ असं असायचं. म्हणजे चाकू निघण्याआधी बरंच काही झालेलं असायचं: रोजचे फोन, वाटेत उभं राहणं, नकार दिल्यावर “बघून घेईन”, मग “शेवटचं एकदा भेट”. प्रतापगडची गोष्ट तुला पाठ आहे. १० नोव्हेंबर १६५९ ला अफजलखानाचा वारही मिठीतूनच आला होता. आपण वाघनखांचं कौतुक करतो, पण तो वार अडवला अंगरख्याखालच्या चिलखतानं, आणि ते घालायचं भेटीच्या आधीच ठरलं होतं.

तुझं चिलखत म्हणजे वेळेवर सांगणं. असलं ‘शेवटचं भेटणं’ एकटीनं कधीच नाही. पाठलाग हा गुन्हा आहे, न्याय संहितेचं कलम ७८. तक्रार कुठल्याही ठाण्यात देता येते. हद्द आमची नाही म्हणून परत पाठवता येत नाही. पुण्यात पोलिसांचं दामिनी पथक आहे, भरोसा सेल आहे. मेसेज पुसू नकोस, स्क्रीनशॉट ठेव.

पण मुली सांगत नाहीत. कारण मलाही माहीत आहे. सांगितलं की पहिला प्रश्न येतो, “तू त्याच्याशी बोललीसच कशाला?” आणि दुसऱ्या दिवशी बाप सामान आणायला टेम्पो घेऊन येतो. अभ्यास बुडण्याची ती भीती मुलींना चाकूच्या भीतीहून मोठी वाटते, म्हणून त्या गप्प राहतात. मी तुझ्या आईबाबांशी बोलले आहे. भांडले म्हण हवं तर. तर आता आमच्या तिघांच्या वतीनं लिहून देते: असं काही झालं आणि तू सांगितलंस, तर तुझं पुणं सुटणार नाही. कुणी तुला जाब विचारणार नाही. तू त्याच्याशी बोलत होतीस, फिरत होतीस, तुला तो आवडत होता, तरीसुद्धा नाही. खोली बदलावी लागली तर नव्या खोलीचं डिपॉझिट माझ्या पेन्शनमधून. रात्री दोनला फोन केलास तरी चालेल; नाइट ड्युट्या करून मला तशीही झोप नाही.

पुढच्या महिन्यात मी पुण्याला येतेय. एखाद्या संध्याकाळी तुमच्या खोलीवर मैत्रिणींना जमव, जुन्या ओढण्या आणून ठेव. रक्त कसं दाबून धरायचं ते तुम्हा सगळ्यांच्या हातांना शिकवून जाईन. शेजारच्या खोलीतल्या मुलांनाही बोलाव. हे सगळ्यांनाच यायला हवं.

तुझी,
मावशी