पाण्यावरची खोली

'पूल हाउस' हा शब्द मराठीत आला तो गृहप्रकल्पांच्या जाहिरातींतून. वारज्यात महामार्गालगत आम्ही राहतो त्या संकुलातही तरणतलावाकाठी अशी खोली आहे. माहितीपत्रकात तिच्या नैसर्गिक प्रकाशाचे वर्णन होते. प्रत्यक्षात काचेची भिंत पश्चिमेला. म्हणून पडदे ओढलेले आणि भर दुपारी आत दिवे. आम्ही मराठी शिकवणारी माणसे, स्थापत्याचे जाणकार नव्हे. पण शब्द आणि वस्तू यांत अंतर पडले की ते आम्हांस खुपते.

पाण्याजवळचा प्रकाश हे प्रकरण तसे नाजूकच. माथ्यावरच्या उन्हाचा जेमतेम दोन टक्के अंश पाणी परत फेकते, बाकीचा पोटात घेते. ऊन कलले की हेच पाणी आरसा बनते आणि डोळे दिपवते. अशा ठिकाणी खिडकीच्या आकारापेक्षा तिच्या दिशेला महत्त्व अधिक.

याच महामार्गाने दक्षिणेस गेल्यास साताऱ्याच्या अलीकडे लिंब गाव आहे. तेथील बारा मोटांची विहीर वीरूबाई भोसले यांनी १७१९ ते १७२४ या काळात बांधवून घेतली. मुख्य विहीर अष्टकोनी, तिला जोडलेली दुसरी चौकोनी, आणि दोहोंच्या सांध्यावर एक छोटा महाल. आजच्या भाषेत पूल हाउसच! येथे ऊन थेट अंगावर येत नाही. ते विहिरीच्या उघड्या मुखांतून उतरते, दगडावर आपटून मवाळ होते आणि मग आत पोचते. काच नाही, पडदा नाही.

मात्र या सौंदर्यावर भाळून थांबणे आम्हांस अपुरे वाटते. महालात सावली होती तेव्हा वर धावेवर मोट हाकणारा माणूस आणि त्याचे बैल उन्हातच होते. फरक इतकाच की त्या महालाखालचे पाणी शेवटी शेताला जात होते. आमच्या काचेपलीकडचे पाणी कुठेच जात नाही. आणि शहराच्या कडेच्या वस्त्या मात्र उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात.

म्हणूनच एखाद्या वास्तूतील प्रकाशाचे कौतुक वाचताना, विद्यार्थ्यांप्रमाणे आपणही एक प्रश्न विचारावा असे आम्हांस वाटते: ही सावली कोणाच्या वाट्याला आली, आणि ऊन कोणाच्या?