सरोवराच्या तळाशी माहेर

पत्र पहिले
हूफडॉर्प, मार्चचा पहिला पंधरवडा

ती. दादांस,
शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष.

आम्ही उभयता येथे सुखरूप पोहोचल्याचे जावईबापूंनी फोनवरून कळविलेच आहे. परंतु मुलुख कसा, जमीन कोणत्या प्रतीची आणि पाणी कोठून येते हे समजल्याखेरीज कोणाचाही प्रवास पुरा झाला असे आपण मानीत नाही, हे ठाऊक असल्याने हा सविस्तर मजकूर लिहीत आहे.

मुंबईहून निघालेले विमान सुमारे नऊ तासांनी जेथे टेकते, ती स्किपोलची भूमी समुद्रसपाटीच्या खाली सुमारे चार मीटर आहे. पूर्वी येथे हारलेमचे विस्तीर्ण सरोवर होते. १८३६ सालच्या हिवाळी वादळांत त्याचे पाणी एकदा ॲमस्टरडॅमच्या आणि एकदा लायडनच्या वेशीपर्यंत चढले, तेव्हा सरकाराने सरोवरच उपसून काढण्याचा निश्चय केला. भोवती कालवा खणला, वाफेची तीन प्रचंड यंत्रे बसविली, आणि १८४९ पासून १८५२ पर्यंत अहोरात्र उपसा करून अठरा हजार हेक्टर जमीन मोकळी केली. ज्याचे आयुष्य मोजणीच्या साखळ्या आणि फाळणीचे नकाशे यांत गेले, त्याला पाण्यातून निघालेली जमीन पाहावयास मिळणे हे तीर्थयात्रेहून कमी नव्हे. जावईबापूंनी एका संध्याकाळी कालव्याच्या बांधापाशी नेले. आम्ही रस्त्यावर उभे, आणि एक नाव आमच्या डोक्याहून उंचावरून शांतपणे निघून गेली! पाण्याचा बंदोबस्त पाहणारी येथली मंडळे तेराव्या शतकापासून चालत आलेली असून त्यांची निवडणूक निराळी आणि पट्टीही निराळी. आपण पाणी मिळावे म्हणून पट्टी भरतो, जावईबापू ते दूर राहावे म्हणून भरतात.

आमची लेक ताई याच सरोवराच्या तळावर राहते. पहिले बाळंतपण माहेरी व्हावे ही आपली वहिवाट. परंतु पोटात जुळे असल्याने डॉक्टरांनी एवढा दूरचा प्रवास मना केला, तेव्हा माहेरालाच उठून यावे लागले. सौ.ने डिंक, अळीव, खारीक, खोबरे आणि बाळंतशेपा एवढा ऐवज सोबत घेतला. तूप मात्र आणता येत नाही, कारण दुधाचे पदार्थ परमुलखातून आणण्यास युरोपात बंदी आहे. आल्या दिवशीच तिने दुकानातले लोणी कढवून पाहिले, वास घेतला, आणि लाडवांपुरते ते पसंत असल्याचा निर्वाळा दिला.

माझ्याकडे पहिली कामगिरी आली ती पलंग उंच करण्याची. बाळंतपणानंतर घरी शुश्रूषेसाठी जी परिचारिका येते, तिला वाकावे लागून तिची कंबर धरू नये, यासाठी पलंग जमिनीपासून सुमारे ऐंशी सेंटिमीटर उंच असला पाहिजे, असा येथील दंडक आहे. त्यासाठी पायांखाली लावावयाचे ठोकळे भाड्याने मिळतात. मी टेप लावून चारही कोपरे तपासले. कळावे. ती. वहिनींस नमस्कार.

आपला धाकटा बंधू

पत्र दुसरे
हूफडॉर्प, मार्चअखेर

ती. दादांस,
शि. सा. नमस्कार.

आनंदाची वार्ता आपणांस कळली आहेच. कन्या आधी आणि पुत्र काही मिनिटांनी मागून आला. दोघेही अडीच किलोच्या अलीकडे-पलीकडे असून मातेची प्रकृती उत्तम आहे. या देशात निरोगी स्त्रीने घरीच प्रसूत होण्याची रीत अद्याप जिवंत आहे. जुळ्यांचे प्रकरण मात्र इस्पितळातच चालते.

आता त्या परिचारिकेविषयी. येथे ‘क्रामझोर्ख’ नावाची व्यवस्था आहे. प्रसूतीनंतरचे पहिले आठ दिवस विम्याच्या तर्फे एक प्रशिक्षित बाई रोज घरी येते. तिचे एकूण तास किमान चोवीस आणि कमाल ऐंशी असून, अर्भके दोन असली तर तासांची तरतूद वाढवून मिळते. ती बाळांचे वजन आणि ताप पाहते, अंगावर पाजताना मातेला आधार देते, जावईबापूंना लंगोट बांधावयास शिकविते, न्हाणीघर धुते, आणि दिवसभराचा हिशेब एका वहीत टिपून ठेवते. दूध किती वाजता, किती वेळ, लघवी कितीदा, शौचाचा रंग कोणता, अशी ती वही पाहून मला आपल्या दप्तराची आठवण झाली. एकही रकाना रिकामा नाही.

पण माझे लक्ष वेधून घेतले ते निराळ्याच गोष्टीने. सकाळी आल्याबरोबर ती पाळण्यांकडे वळत नाही. आधी पलंगाशी जाते आणि ताईला विचारते, रात्री झोप किती झाली, खाल्ले काय, दुखते कोठे. त्यानंतर बाळे. सौ.ने हे पहिल्या दिवशी पाहिले आणि त्या परक्या बाईविषयी तिच्या मनात जो संशय होता तो तेथेच मावळला. दोघींना एकमेकींची भाषा येत नाही, तरी काम अडले नाही. पाळण्यात ऊब राहावी म्हणून येथे गरम पाण्याची धातूची कुपी ठेवतात. बाईने ती भरली, टोपण आवळले, उलटी धरून थेंब गळतो का ते पाहिले, कापडी पिशवीत घातली आणि पांघरुणाच्या बाहेर, बाळापासून वीतभर अंतरावर ठेवली. दुसऱ्या खेपेस हेच सौ.ने केले आणि बाईने मान डोलावली. शेक-शेगडीची आणि ओव्याच्या धुरीची तजवीज मात्र रद्द झाली, कारण २०२२ च्या जुलैपासून घराच्या प्रत्येक मजल्यावर धूर ओळखणारी घंटा असणे सक्तीचे आहे, आणि आमच्या मजल्यावरची तर साध्या फोडणीलाही हरकत घेते.

भेटीला येणाऱ्यांना येथे कुरकुरीत गोल पावावर लोणी आणि त्यावर साखरेत घोळविलेली बडीशेपेच्या जातीची बी पसरून देतात. मुलगी झाली तर गुलाबी-पांढरी, मुलगा झाला तर निळी-पांढरी. आम्ही दोन्ही मिसळली. या बियांनी आईला दूध येते, असा येथील जुना समज आहे, हे ऐकून सौ.ने आपल्या बाळंतशेपाची पुरचुंडी काढून बाईपुढे ठेवली. दोघींनी वास घेतला आणि बराच वेळ हसल्या.

नावाचा मात्र पेच पडला. जन्माची नोंद तीन दिवसांत नगरपालिकेत झाली पाहिजे आणि ती नावासकट, तर आपले बारसे बाराव्या दिवशी! जावईबापू नाव सांगून दाखला घेऊन आले. बारशाच्या दिवशी त्यांच्या भगिनीने पुण्याहून फोनवर दोन्ही कानांत ‘कुर्र’ केले आणि सरकारात आधीच रुजू झालेली नावे नव्याने जाहीर केली. पाठीत धपाटे घालण्याचे काम तिकडच्या बायकांनी चोख बजावले.

गेल्या रविवारी आणखी एक गंमत झाली. मार्चच्या शेवटच्या रविवारी येथे घड्याळे एक तास पुढे सरकतात. पहाटे दोनचे एकदम तीन होतात. वहीची जबाबदारी आता माझ्याकडे आहे. दोन वाजताच्या दुधाचा रकाना त्या रात्री अस्तित्वातच नव्हता, मुलांना मात्र भूक वेळेवरच लागली. मी शेरा मारून नोंद पुढल्या तासात ओढली. कळावे.

आपला धाकटा बंधू

पत्र तिसरे
हूफडॉर्प, एप्रिलअखेर

ती. दादांस,
शि. सा. नमस्कार.

आपण विचारता, आता परिचारिका गेली, तर तुम्ही दोघे दिवसभर करता तरी काय? प्रत्येकी आठ वेळा दूध, म्हणजे दिवसाला सोळा नोंदी. तितकेच लंगोट, त्यांची धुलाई, बाटल्या उकळणे, आणि ताट घेऊन जिना चढणे. येथला जिना इतका उभा की एका हाताने कठडा धरल्याशिवाय चालत नाही, म्हणून ताट एका खेपेत आणि पाण्याचा तांब्या दुसऱ्या खेपेत. ट्यूलिपची शेते येथून जवळच फुलली आहेत आणि जगभरचे लोक ती पाहावयास येत आहेत; आम्ही एका दुपारी जाऊन आलो, रंग पाहिले, आणि पुढल्या दुधाच्या आत परतलो.

सौ. मुलांना न्हाऊ घालते ते आपल्याच पद्धतीने. पाटावर बसून पाय लांब करावयाचे, नडगीच्या खोबणीत मूल पालथे घ्यावयाचे, कोपराने पाण्याचा अंदाज घ्यावयाचा, आणि तेल चोळलेल्या पाठीवरून तांब्याची सलग धार सोडावयाची. मूल आधी आकांत करते आणि मग धारेखाली एकाएकी गप्प होते. परिचारिकेने शिकविलेली येथली रीत निराळी. एका पारदर्शक बादलीत कोमट पाणी घेऊन मुलाला गळ्यापर्यंत उभे बुडवितात, आणि ते पोटात असल्यासारखे गुडघे आखडून तरंगत राहते. ताईने दोन्ही पद्धती पाहिल्या आणि निवाडा दिला की सकाळी आजीची आणि संध्याकाळी बादलीची. सौ.ने तो मान्य केला. निजविण्याच्या बाबतीत मात्र येथला नियम एकच, आणि तो आम्ही तंतोतंत पाळतो: मूल उताणे, प्रत्येकाला पाळणा स्वतंत्र, उशी नाही, जाड पांघरूण नाही; आपल्या गोधड्या सध्या आईच्या पायांवर आहेत.

दादा, येथे मला एक गोष्ट उमगली. आजीआजोबा मदतीला जातात, म्हणजे बहुधा नातवंडे मांडीवर घ्यावयास जातात. ती घेणारे हात पुष्कळ असतात. शेजारीण घेते, मित्र घेतात, वाटेत दुहेरी बाबागाडी पाहून थांबणारी अनोळखी बाईसुद्धा घ्यावयास उत्सुक असते. पण मूल कोणी घेतले की आई मोकळी होते आणि मोकळी आई ताबडतोब उठून भांडी घासू लागते, तेव्हा त्या मदतीचा अर्थ काय उरला? सौ.चे म्हणणे असे की आईजवळ मूल राहू द्यावे आणि भांडी आपण घासावीत. आपल्याकडच्या सव्वा महिन्याच्या विटाळात शिवाशिवीचे अवडंबर होते, मुलीला कोपऱ्यातल्या अंधारात डांबले जाई, ते गेले हे बरेच झाले. परंतु त्या अवडंबराच्या आत एक शहाणपणही दडले होते, की या बाईला कोणी काम सांगू नये. अवडंबर टाकून देताना आपण शहाणपणही टाकले. या लोकांनी ते विम्याच्या कलमांत लिहून ठेवले आहे.

रजेचे नियमही पाहण्यासारखे आहेत. आईला भरपगारी सोळा आठवडे आणि जुळे असल्यास वीस. बापाला एक आठवडा पूर्ण पगारी, शिवाय २०२० पासून आणखी पाच आठवडे सत्तर टक्के पगारावर. माझ्या वेळी ताईचा जन्म जमाबंदीच्या दिवसांत झाला. मी फिरतीवर होतो, तार मिळाली, आणि बारशाला पोहोचलो तेव्हा पुरुषमाणसाने बाळंतिणीच्या खोलीत डोकावू नये म्हणून मूल बाहेर आणून दाखविण्यात आले. जावईबापू रात्री दोघांना दोन दंडांवर घेऊन येरझाऱ्या घालतात, आणि त्यात आपण काही विशेष करतो आहोत असे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत नाही. कळावे.

आपला धाकटा बंधू

पत्र चौथे
हूफडॉर्प, जूनचा प्रारंभ

ती. दादांस,
शि. सा. नमस्कार.

आमच्या परवान्याची मुदत संपत आली. कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवस, त्याहून एक दिवसही अधिक राहावयाचे नाही, असा येथील कायदा. त्यामुळे परदेशी राहणाऱ्या आपल्या मुलांच्या घरी आता आजीआजोबांच्या पाळ्या लागतात. आधी मुलीचे आईबाप, ते परतले की मुलाचे. जुन्या काळी विहिणी-विहिणींत मानपानावरून रुसवे होत. आता एकीचे विमान उडते आणि दुसरीचे उतरते, रुसावयास सवड कोठली?

दोन्ही मुलांची कागदपत्रे पुरी झाली. येथे जन्मले तरी आईबाप हिंदी असल्याने ती हिंदीच. हेगच्या भारतीय वकिलातीत वर्षाच्या आत नोंद करावी लागते, ती केली, आणि प्रत्येकाच्या पासपोर्टासाठी छायाचित्र काढले. तोंड मिटलेले व डोळे उघडे असे चित्र मिळविण्यास दोन्ही इसमांनी आम्हांस एक अख्खी सकाळ झुंजविले.

व्याही-विहीण कालच आले. कार्यभार सोपविताना तोंडी बोलण्यावर भिस्त ठेवू नये, हा आपलाच धडा. म्हणून मी यादी लिहून काढली. जीवनसत्त्व ‘ड’चे थेंब रोज, दोघांनाही, बाटल्या कोणत्या कपाटात, घंटेखाली फोडणी करावयाची झाल्यास खिडकी कोणती उघडावी, अळिवाचे लाडू कोणत्या डब्यात. कलम पहिले मात्र मुलांविषयी नाही. दुपारी एक ते तीन ताईला कोणी उठवू नये, फोन आला तरी नाही आणि पाहुणे आले तरी नाही, असे ते आहे. व्याह्यांनी चष्मा लावून यादी वाचली, आणि खाली ‘ताबा घेतला’ असे लिहून तारखेसह सही केली. विहीणबाईंनी मात्र लाडवांत खारीक कमी असल्याची हरकत नोंदविली, ती सौ.ने कोणताही वाद न घालता मान्य केली.

आपल्या पत्रावरून दिसते की वाईच्या घरी धाकट्या सूनबाईंचेही दिवस आता भरत आले आहेत, आणि माहेरी करणारे कोणी नसल्याने बाळंतपण आपल्याकडेच आहे. आम्ही तोवर पोहोचतो. बाटल्या उकळणे, लंगोट वाळत घालणे आणि माडीवर ताट पोहोचविणे ही तीन खाती माझ्याकडे लावावीत. त्यांत दुसऱ्या कोणाची नेमणूक आधीच झाली असेल तर ती रद्द समजावी. आणि माडीवरचा पलंग किती उंच आहे, तेवढे कोणाकडून तरी टेप लावून मोजून घ्यावे.

कळावे, लोभ असावा. ती. वहिनींस नमस्कार, मुलांस अनेक आशीर्वाद.

आपला धाकटा बंधू